व्याह्यांचे पणजोबा

मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना वधूची आई घर सोडून समुद्रापार निघून गेली, आणि तीही नवऱ्या मुलाच्या वडिलांबरोबर, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी आधी खुर्ची पुढे ओढली असती आणि मग म्हटलं असतं, सविस्तर सांग. आमच्या हॅरोच्या मराठी मंडळींनी नेमकं तेच केलं. मी परत येईपर्यंत त्या गोष्टीला तीन अंक, दोन नाट्यपदं आणि एक खलनायक मिळाला होता. म्हणून मूळ प्रयोग जसा झाला तसा मीच लिहून काढते आहे.

पात्रपरिचय आधी. मी वैजयंती आपटे, हौशी नटी, माहेर कराड, गेली पंचवीसेक वर्षं मुक्काम लंडनचं हॅरो. नवरा सुहास भूलतज्ज्ञ. माणसांना झोपवणं हा त्याचा व्यवसाय आहे, घरी तो बोलायला लागला की तेच काम फुकट होतं. मुलगी इरा. जावई होऊ घातलेला कीरन डेव्हलिन, ग्लासगोचा. आणि कीरनचे वडील फ्रँक: विधुर, निवृत्त बस ड्रायव्हर, गाल कायम लाल, आणि भाषा अशी की लंडनच्या माणसाला दुभाषा लागावा. मला मात्र लागत नाही. ग्लासगोचं इंग्रजी माझ्या कानात शिरताना आपोआप कऱ्हाडी होतं. त्यामुळे इथून पुढे फ्रँक तसंच बोलतील. माझा इलाज नाही.

हॅरो

सगळं सुरू झालं दामले गुरुजींमुळे. गुरुजी लेस्टरचे. सगळी नोकरी त्यांनी औषधांच्या दुकानात केली आणि निवृत्तीनंतर पौरोहित्य घेतलं, त्यामुळे मंत्रसुद्धा ते 'जेवणाआधी, जेवणानंतर' अशा आवाजात सांगतात. लग्नाच्या तयारीसाठी त्यांनी दोन्ही घरांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं.

"वरपक्षाचं गोत्र?" त्यांनी विचारलं.

ग्लासगोच्या चौकटीत फ्रँकनी मुलाकडे पाहिलं. मुलानं लंडनच्या चौकटीत इराकडे पाहिलं.

"माहीत नसेल तर कश्यप," गुरुजी म्हणाले. "ज्यांना गोत्र ठाऊक नाही ते सगळे कश्यप."

फ्रँक खूश. तो शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिला. उद्या पबात काय सांगायचं याची सोय झाली होती.

"आता नांदीश्राद्ध. घाबरू नका, शुभ असतं. लग्नाआधी वराचा पिता आपल्या पितरांना कार्याचं आमंत्रण देतो. नावं सांगा. वडील?"

"ह्यू."

"आजोबा?"

"जेम्स."

"पणजोबा?"

फ्रँकनी पुन्हा मुलाकडे पाहिलं. मग हसले.

"हरकत नाही," गुरुजी म्हणाले. "नाव ठाऊक नसेल तर शास्त्रात त्यासाठी वेगळा शब्द आहे. तो वापरू. काही अडत नाही."

इतरांचं अडलं नाही. फ्रँकचं अडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन.

"विहीणबाई," (हा शब्द इरानं शिकवला होता आणि तो त्यांना फार आवडला होता) "म्या जल्मभर बस चालवली. बसच्या कपाळावर शेवटचा स्टॉप लिवल्याला असतुया, पर ती सुटली कंच्या डेपोतनं, ह्ये बी डायवरला ठावं असतंय. माज्या कपाळावर निस्तं 'ग्लासगो'. सुटलो कुठनं, काय पत्ता न्हाई. आता पोराच्या लग्नाचं आवतान पंजोबाला द्यायचं, तर नावाच्या जागी बदली खेळाडू घालू? पाकिटावर काय लिवू, 'जो कोन आसंल त्यास'?"

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. वरपित्यानं काही मागावं आणि वधूपक्षानं नाही म्हणावं, हे होत नाही. पूर्वीचे व्याही स्कूटर मागायचे. माझ्या व्याह्यांनी पणजोबा मागितले होते.

"चला," मी म्हटलं. "शोधून आणू."

घरी मी हे भीत भीत जाहीर केलं. माझ्याशिवाय लग्नाची तयारी कशी होणार, म्हणून कुणीतरी मला अडवेल अशी आशा होती.

"आई, प्लीज जा ना," इरा तिच्या हॅरोच्या मराठीत म्हणाली. "तू गेली की माझा डोकं शांत होईल."

सुहास तर बॅग भरायला लागला. माझी.

समुद्रावर

ग्लासगोहून गाडीनं दक्षिणेला बंदर, तिथून फेरीनं बेलफास्ट. बंदरावर आमचा पहिला मानापमान झाला. व्याह्यांची बॅग वधूपक्षानं उचलायची, हे माझ्या रक्तात. बाईमाणसाला बॅग उचलू द्यायची नाही, हे त्यांच्या. शेवटी दोन्ही बॅगांचा एकेक बंद दोघांनी धरला आणि आम्ही एकमेकांना ओढत, खेकड्यासारखे आडवे, बोटीवर चढलो. मागची रांग अत्यंत सभ्यपणे चिडली.

बोटीवर मी डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. फ्रँकनी धपाटा उलटसुलट करून पाहिला.

"ह्ये तर आमचा बटाट्याचा स्कोन. फकस्त ह्याला राग आल्याला दिसतोय." चटणी लागल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले आणि दुसरा घेतला.

तिथेच त्यांनी आपली सगळी शिदोरी माझ्यासमोर मांडली, म्हणजे वडिलांविषयी जे काही ठाऊक होतं ते. ह्यू डेव्हलिन पोरसवदा असताना एकटा ग्लासगोला आला. टायरोन परगण्यातल्या मोठ्या तळ्याच्या काठचा, एवढंच सांगायचा. घरचं कधी बोलला नाही, आणि फ्रँक शाळेत असतानाच गेला. त्याच्या लग्नाच्या दाखल्यावर बापाचं नाव होतं: जेम्स पॅट्रिक ओवेन डेव्हलिन, शेतमजूर. फ्रँक कित्येक वर्षं संगणकावर हे नाव शोधत होते. जेम्स डेव्हलिन पोत्यानं मिळत होते. जेम्स पॅट्रिक ओवेन एकही नाही.

"मजुराला तीन-तीन नावं," फ्रँक म्हणाले. "मला वाटतंय कुनीतरी खानदानी आसंल. पडत्या काळातला."

"आणि वडिलांची अजून काही आठवण?"

"शीळ. सगळी मानसं श्वास भाईर सोडून शीळ घालत्यात. माजा बा श्वास आत वढून घालायचा. त्येनं मला शिकिवली. दुसऱ्या कुनाला आजपत्तुर जमल्याली न्हाई."

मी तिथल्या तिथे करून पाहिली. चटणीचा कण घशात गेला. त्यापुढचा अर्धा तास समुद्र कसा होता ते मला सांगता येणार नाही.

बेलफास्ट

बेलफास्टचं सरकारी अभिलेखागार हे अतिशय देखणं, शांत आणि उबदार ठिकाण आहे. तिथे सगळं मिळतं, फक्त तुम्हाला हवं ते पान सोडून. हा त्यांचा दोष नाही. आयर्लंडच्या जुन्या जनगणनांचं नशीबच तसं: काही कागद सरकारनं स्वतःच रद्दीत घातले, काही डब्लिनच्या आगीत गेले. उरली चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं, आणि त्यांत कुठे दहा वर्षं गायब, कुठे पानावर ओल, तर कुठे अक्षर असं की पाद्रीबुवांनी घोड्यावर बसून लिहिलं असावं.

दारातच वाचकाचं ओळखपत्र करून घ्यावं लागतं. खिडकीतल्या बाई फार गोड होत्या.

"वैजयंती सुहास आपटे," त्यांनी माझं नाव जपून वाचलं. "मधलं नाव किती छान आहे! सुहास म्हणजे काय हो?"

"सुहास म्हणजे माझा नवरा."

"म्हणजे अर्थ?"

"अर्थ नाही. नवराच. लग्नाआधी मधे वडील होते."

त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली, जणू आमच्याकडे ही साथ आहे. फ्रँक मागे उभे राहून खिदळत होते. "मंजी तुमी नवऱ्याला मदी दाबून धरलाय व्हय? लई ब्येस."

दोन दिवस आम्ही पडद्यावर पुस्तकं चाळली. डेव्हलिन या आडनावाचं तळ्याकाठी काय पीक आहे, ते तिथे कळलं. पानामागून पान: डेव्हलिन, डेव्हलिन, मधे एखादा क्विन चव बदलायला, पुन्हा डेव्हलिन. जेम्स तर इतके की कुणी 'जेम्स, जेवायला चल' अशी हाक मारली असती तर गाव ओस पडलं असतं. तीन नावांचा एकही नाही. मुळात दोन नावांचाही नाही. आणि ज्या वर्षांत तो जन्मायला हवा होता, नेमकी तीच पानं ओलीनं गेलेली, चहा सांडल्यासारखी तपकिरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्रँकनी चष्मा काढून ठेवला.

"ऱ्हाऊ द्या विहीणबाई. बदली खेळाडू घ्या."

असं म्हणून ते हसले. मात्र आता त्यांचे गाल लाल नव्हते. आपण कराडला रस्त्यात थांबून हाक मारली तर पलीकडचा माणूस आपली सात पिढ्यांची कुंडली तोंडपाठ सांगतो, नको असली तरी सांगतो. आणि या भल्या माणसाला चार पिढ्या नीट लागत नव्हत्या.

"कागद संपले," मी म्हटलं. "माणसं कुठे संपलीत? उद्या तळ्यावर जाऊ."

तळ्याकाठी

लॉख नेईला तळं म्हणणं म्हणजे हत्तीला गुबगुबीत म्हणणं. पलीकडचा काठ दिसत नाही. अलीकडे सपाट हिरवी शेतं, ओलसर वारा, आणि आपल्याकडे ओट्यावर म्हातारे बसतात तशा कुंपणाला टेकून बसलेल्या गाई. वाटेत एका खानावळीत जेवलो. कांद्याची पात घातलेला लोण्यात कुस्करलेला बटाटा, म्हणजे आपली बटाट्याची भाजी फोडणीच्या आधी पळून गेलेली. आणि तळलेला ईल मासा.

"अहो, ही तर वाम!" मी इतक्या आनंदानं ओरडले की वाढणाऱ्या मुलीनं ताट मागे घेतलं. कृष्णाकाठची माझी मावशी अशीच वाम करायची, फक्त ती तिच्याशी भांडून तिखटात लोळवायची.

त्या मुलीनंच बॅलीकोरनचा रस्ता सांगितला. "डेव्हलिन हवेत? तिकडे दुसरं काही मिळत नाही."

बॅलीकोरन म्हणजे एक अरुंद रस्ता आणि दूरदूर पसरलेली घरं. एका घरापुढे पन्नासेक गाड्यांची रांग लागली होती. दारात सुटातले पुरुष, खिडकीतून दिसणाऱ्या, केकांच्या थाळ्या घेऊन फिरणाऱ्या बायका, आतून हशाचा आवाज. मी ओळखलं. लगीनघर! फ्रँक गाडी लावायला जागा शोधत पुढे गेले आणि मी, एक वधूमाय, दुसऱ्या वधूमायेला भेटायच्या उमाळ्यानं आत शिरले. दाराशी पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई सगळ्यांशी हात मिळवत होती. मी तिचे दोन्ही हात धरले.

"अभिनंदन!"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग मागच्या खोलीकडे पाहिलं. मी तिच्या नजरेमागोमाग पाहिलं. मधोमध उघडी शवपेटी, त्यात सूट घातलेले एक शांत आजोबा, हातात जपमाळ.

"नव्वदी ओलांडली होती, बाई," ती म्हणाली. "तेव्हा अभिनंदन म्हटलंस तरी चालेल. चहा घेशील?"

मी मेले. म्हणजे ते आजोबा मेले होते, पण त्या क्षणी आमच्या दोघांत फार फरक नव्हता. मी पळायला वळले तर हातात कप आला. बसले तर मांडीवर अंड्या-कांद्याचं सँडविच आलं. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, इथे केक थांबत नव्हते. आणि पलीकडच्या कोपऱ्यात कुणीतरी त्या गेलेल्या आजोबांनी बैल विकतानाची फजिती साभिनय सांगत होतं, आणि त्यांच्याच पेटीशेजारी लोक पोट धरून हसत होते. माझ्यातल्या नटीला वाटलं, आपलाही शेवटचा खेळ असाच हाऊसफुल्ल व्हावा.

फ्रँक आत आले. त्यांना क्षणात कळलं. ग्लासगोतही ही रीत आहे. टोपी काढून ते पेटीपाशी उभे राहिले, मग माझ्याकडे असं पाहिलं की तुम्हाला एक मिनिट एकटं सोडायची सोय नाही.

त्या ठेंगण्या बाईचं नाव ब्रायडी. गेलेल्या आजोबांची धाकटी बहीण. ती आमच्यासमोर येऊन बसली आणि तिनं फ्रँकना तो प्रश्न विचारला जो मी कराड सोडल्यापासून कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"तू कुणाकडचा रे, मेल्या?"

फ्रँकनी सांगितलं. ग्लासगो, डेव्हलिन, टायरोन.

"त्यानं काय होतंय? इथे बसलेत ते सगळे डेव्हलिन. तो बघ, मिक जॉन पीटर. तो मिक जो बार्नी. आणि हा आमचा," तिनं पेटीकडे हात केला, "जॉनी बार्नी मिक. गेला बिचारा."

"सगळ्यांना तीन-तीन नावं?" मी विचारलं.

"कुठली तीन? नाव एकच. दुसरं बापाचं, तिसरं आजोबांचं. सगळ्यांचं आडनाव एक, नावं चार-पाचच. मग पोस्टमननं काय करावं? आडनाव कोण लावतो इथे!"

माझ्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. वैजयंती सुहास आपटे. मधलं नाव छान आहे हो, अर्थ काय? अर्थ नाही, नवरा.

जेम्स पॅट्रिक ओवेन हा एक माणूस नव्हताच. ते तिघं होते! पोरवयात घर सोडलेल्या ह्यूला ग्लासगोच्या दाखल्यावर बापाचं नाव विचारलं, तेव्हा त्यानं गावात म्हणायचे तसं सांगून टाकलं: जेम्स, पॅटचा, ओवेनचा. फ्रँकचे पणजोबा इतकी वर्षं त्यांच्याच कागदावर, आजोबांच्या मधल्या नावाच्या वेषात उभे होते, आणि जगात फक्त मराठी बाईलाच ते चटकन ओळखू यावेत!

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात माझी नजर पेटीवर गेली आणि दुसरी घंटा वाजली.

हे जर फ्रँकचे भाऊबंद निघाले, तर सूतक.

लग्न शनिवारी. आज बुधवार. बारा पिढ्यांच्या संस्कारांनी माझ्या डोक्यात बोटांवर हिशेब करून टाकला. वरपित्याला सूतक म्हणजे नांदीश्राद्ध नाही, ते नाही म्हणजे देवक नाही, देवक नाही म्हणजे लग्न नाही. हॉल, आचारी, सांगलीहून निघालेल्या तीन आत्या. मी गप्प बसले असते तर? कुणालाही कळलं नसतं. मी इतकी गप्प बसले की ब्रायडीनं मला आणखी साखर दिली.

शेजारी फ्रँक एका म्हाताऱ्याला सांगत होते, "बहुतेक घावनार न्हाई पंजोबा. पर त्यांच्यात बदली चालतो म्हनं."

मला ते सहन झालं नाही. "ब्रायडीताई," मी म्हटलं, "जेम्स पॅट ओवेन म्हणून कुणी होता?"

"जिमी पॅट ओवेन?" तिनं डोळे बारीक केले. "होता म्हणजे काय, होताच! आमचा आजोबा मिक ओवेन आणि तो पॅट ओवेन, सख्खे भाऊ. जिमीचा पोरगा भांडून स्कॉटलंडला गेला. ह्यूई. आमचा बाप सांगायचा, शीळ घालायचा म्हणे, आणि ती अशी उलटी, श्वास आत घेऊन. अख्ख्या तळ्याकाठी दुसऱ्या कुणाला येत नव्हती. बदकं बुचकळ्यात पडायची."

खोलीत कोण काय बोललं ते मला आठवत नाही. फ्रँकनी ओठ जुळवले आणि श्वास आत घेतला. बारीक, थरथरती, मागे जाणारी शीळ, शवपेटीवरून खिडकीकडे गेली. बैलाची गोष्ट अर्ध्यावर थांबली.

"अगं माझ्या देवा," ब्रायडी म्हणाली. आणि तिनं फ्रँकच्या डोक्यावर एक टपली मारली. "इतकी वर्षं कुठे होतास?"

अंगणात

ते मिठ्या मारत होते तोवर मी अंगणात येऊन लेस्टरला फोन लावला.

"गुरुजी, खापरपणजोबा एक असले तर सूतक लागतं?"

"सात पिढ्यांच्या आत? लागतंच. का हो वहिनी? तुम्ही शोधायला गेला होतात ना?"

"सापडले. पण त्यातले एक वारलेत. मी त्यांच्याच अंगणात उभी आहे. त्यांचा चहा प्यालेय."

"वहिनी, लग्न शनिवारी आहे."

"म्हणून तर तुम्हाला फोन केला, हवामानखात्याला नाही!"

"थांबा. पोथी बघून फोन करतो."

मागे वळले तर फ्रँक उभे. डोळे सुजलेले, चेहरा उजळलेला. माझं तोंड पाहून त्यांनी विचारलं आणि मला सांगावं लागलं. बस ड्रायव्हर माणूस, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, जसा पुढे रस्ता बंद आहे हे ऐकतात तसं.

"मंजी माज्या पंजोबामुळं पोरांचं लगीन पुढं जानार?"

"कदाचित."

त्यांनी तळ्याकडे पाहिलं. "मग गुरुजींना सांगा, काय बी घावलं न्हाई. घाला बदली खेळाडू. नाव मला कळलं, बास झालं. पॅटला बी वाईट वाटनार न्हाई. इतकी वर्सं थांबला, त्यो समजून घिईल."

आता मला सांगा, असा व्याही कुणाला मिळतो? मी नाक पुसत होते तेवढ्यात फोन वाजला. गुरुजींचा आवाज आता थेट औषधाच्या काउंटरवरून येत होता.

"वहिनी, नीट ऐका. औषध एकच असलं तरी प्रत्येकाला डोस वेगळा. शास्त्र देशाचार मानतं, कुलाचार मानतं. गेलेला माणूस त्यांच्या कुळातला, तर सूतकही त्यांच्या रीतीनं. विचारा, त्यांच्यात दुखवटा कधी संपतो?"

मी आत धावले. "ब्रायडीताई, तुमच्यात दुखवटा कधीपर्यंत पाळतात?"

"उद्या सकाळी चर्चमध्ये मासची प्रार्थना. मग माती. मग हॉटेलात सगळ्यांचं जेवण."

"आणि मग?"

"मग आइस्क्रीम."

"आणि त्यानंतर काही? आठवडाभर? शुभकार्य वगैरे टाळणं?"

"कशाला? उद्या संध्याकाळी आमच्याकडे पत्त्यांचा डाव असतो."

मी तसंच गुरुजींना कळवलं. "आइस्क्रीम खाल्लं की स्नान करा," गुरुजी म्हणाले. "सूतक फिटलं."

दुसऱ्या दिवशी जॉनी बार्नी मिकला पोचवायला आम्हीही गेलो. फ्रँकनी पेटीला खांदा दिला. मला सगळ्या गावासारखंच 'तुमच्या दुःखात सहभागी आहे' म्हणता आलं. ब्रायडी कानात पुटपुटली, "आता बरोबर म्हणालीस." मग जेवण झालं, आइस्क्रीम झालं, आणि मुक्कामाच्या जागी मी डोक्यावरून आंघोळ केली. तिथला शॉवर एका बाजूनं उकळतं आणि दुसऱ्या बाजूनं तळ्याचं पाणी सोडत होता. प्रायश्चित्तही त्यातच आटोपलं असावं.

निघताना फ्रँकनी सगळ्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. सुहासला फोन केला.

"वऱ्हाड थोडं वाढलंय."

"किती?"

"एक मिनीबस."

भूलतज्ज्ञाला भूल पडली होती.

हॅरो, शनिवार

फ्रँक पाटावर बसले: खाली ग्लासगोचा घागरा, म्हणजे किल्ट, वर शर्ट आणि उपरणं, कपाळाला कुंकू. त्यांच्या मागे दोन रांगांत तळ्याकाठ. ब्रायडीच्या टोपीवर एक संपूर्ण पक्षी. सांगलीच्या थोरल्या आत्यांनी तिला बसल्या बसल्या विचारलं होतं, 'तुम्ही कुणाकडच्या?' आणि दोघींची भाषा एकमेकींना येत नसूनही तेव्हापासून त्यांचं बोलणं थांबलं नव्हतं.

गुरुजींनी पळी उचलली. "वडील?"

"ह्यू."

"आजोबा?"

"जेम्स."

"पणजोबा?"

फ्रँकनी मान वर केली. अगदी हळू म्हणाले, आणि तरी सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "पॅट्रिक."

गुरुजींनी तिघांनाही संस्कृत प्रत्यय लावून, सन्मानानं लग्नाला बोलावलं. माझ्या पदराचा कोपरा ओला झाला.

"ओवेन राहिला की," मागून ब्रायडी म्हणाली.

"तिघंच लागतात, आजी," गुरुजी म्हणाले.

"इतक्या लांब आलोय, त्यालाही बोलवा. जेवून जाईल."

"आणि ओवेनचा बाप फेलिम," मिक जॉन पीटरनं भर घातली.

"फेलिम?" दुसऱ्या टोकाहून मिक जो बार्नी उठला. "ओवेनचा बाप आर्ट होता! फेलिमची माणसं तळ्याच्या वरच्या अंगाची!"

"तुझ्या आज्यानं आमचं कुरण लाटलं तेव्हापासून तुम्ही आर्ट आर्ट करता आहात!"

"मुहूर्त!" गुरुजी म्हणाले. त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. पुढची रांग उभी राहिली होती, मागची तिला खाली बसा म्हणत होती, आणि आत्या एक शब्दही न कळता ब्रायडीच्या बाजूनं मान डोलावत होत्या.

"विहीणबाई," फ्रँक माझ्याकडे वाकले. "ह्ये काय चाललंय?"

"व्याहीबुवा, अभिनंदन," मी म्हटलं. या वेळी शब्द बरोबर जागी पडला होता. "याला आमच्याकडे भाऊबंदकी म्हणतात. रक्ताचं नातं असल्याशिवाय होत नाही."

फ्रँक क्षणभर ऐकत राहिले. गाल पुन्हा सफरचंदासारखे लाल झाले. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट टाकलं, पाटावरून उठले आणि बाह्या सरसावल्या.

"लवकर सांगा," ते म्हणाले, "आपन कंच्या बाजूचं?"